यंत्र बसलं, माणूस बसेना

1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि 25 माणसं गेली. लगेच आपल्या जिल्ह्यातल्या विद्वत्तेला पालवी फुटली. अपघातस्थळी महामृत्युंजय यंत्र बसलं, जप झाला, मग जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही दाखल झाला. महिना संपायच्या आत, 29 तारखेला पहाटे, आमच्या मलकापुरात महामार्ग 53 वर दोन खासगी बस धडकल्या. त्यातली एक तर अमरनाथाचं दर्शन घेऊन परतत होती. यंत्राची रेंज इथवर पोचत नसावी.

मृतांच्या घरच्यांना मदत जाहीर होते, जखमींची हाडं जुळतात. जो खरचटण्यावर निभावला, त्याला गाव म्हणतं, "नशीबवान आहेस बे!" हा नशीबवान पुढे ट्रकचा हॉर्न ऐकला की घामाने थबथबतो, रात्री दचकून उठतो, दुसऱ्याच्या गाडीत बसला की पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतो. हे महिन्याच्या वर चाललं, तर तो पीटीएसडी असू शकतो. म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार. नाटक नव्हे. पण आमच्याकडे त्यावर एकच रामबाण: "मन घट्ट कर." सांगणाऱ्या धीरोदात्त महापुरुषाच्या बंपरला मात्र लिंबू-मिरची, आणि अमावास्येला स्वारी घराबाहेर पडत नाही. गुडघ्यासाठी अकोला, हृदयासाठी नागपूर. मनासाठी फुकटचं प्रवचन!

प्रवचनाने झोप येत नाही (कीर्तनात येते, ते वेगळं). मग मेडिकलवरून झोपेची गोळी, नाहीतर क्वार्टर. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात असल्या गुंगीच्या गोळ्या देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना 2013 पासून सांगतेय. सांगू दे!

खरा उपचार उलट्या वाटेचा. ज्याला भितो त्याच्याच जवळ जायचं, पण बेताबेताने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. अपघात डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायचा. पुन्हा सांगायचा. कंटाळा येईपर्यंत सांगायचा. मग स्टँडवरच्या उभ्या एसटीत नुसतं बसायचं. मग नांदुऱ्यापर्यंत, मग खामगावपर्यंत. भीती टाळाटाळीवर पोसते. तिचं रेशन तोडायचं. साधारण 8 ते 15 बैठका लागतात. दुसरी रीत ईएमडीआर: आठवण मनात धरून डॉक्टरांच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटामागे नजर फिरवायची. यंत्रवाल्यांना वाटेल, हा तर आपलाच माणूस निघाला! नाही हो, ही रीत चाचण्यांच्या चाळणीतून गेलीय. सर्ट्रालिनसारख्या गोळ्याही आहेत, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. आमचा वीर आठव्या दिवशीच बंद करतो. का? "गरम पडते."

सरकारने 2022 मध्ये टेलिमानस ही मनाच्या दुखण्यासाठीची हेल्पलाइन सुरू केली. नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतूनसुद्धा. पण फोन लावायचा कशाला? शेजारच्या काकांनी पारावर बसून निदान केलंय: "पोरगं कामचुकार आहे." काकांची डिग्री विचारू नका. काका रिटायर आहेत.