वसतिगृहाच्या किल्ल्या कोणाकडे?

समाजासाठी वसतिगृह काढायचं म्हटलं की आपल्याकडे आधी जागेची चर्चा होते, मग देणगीदारांची, आणि मग कोनशिलेवर कुणाचं नाव वर यायचं याची. तिथे राहणाऱ्या पोरीने तुंबलेल्या संडासाची तक्रार कुणाकडे करायची, हे मात्र कुणी ठरवत नाही. संस्थेचं नेतृत्व आम्ही याच प्रश्नावर जोखतो.

20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशी वजनदार नावं. पण प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते बाबासाहेब आणि चिटणीस शिवतरकर. प्रतिष्ठितांचा पाठिंबा घेतला, किल्ल्या आपल्याकडे ठेवल्या. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मुलांना नुसतं छप्पर नाही, जेवण, कपडे, वह्यासुद्धा. 1932 नंतरच्या हरिजन सेवक संघाची तऱ्हा उलटी. हे सवर्णांनी फेडायचं कर्ज आहे, म्हणून व्यवस्थापनही त्यांच्याच हाती, अशी गांधीजींची भूमिका. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांनी फक्त लाभ घ्यायचा!

आता आजचं बघू. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही की स्वाधार योजना. मुंबई-पुण्यात वर्षाला 60 हजार, त्यातले निवासाचे 20 हजार. म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. एवढ्यात पुण्यात कॉट मिळवून दाखवावी. शिवाय योजनेचे पैसे येतील तेव्हा येतात, घरमालक दर महिन्याला दारात उभा. तोही आधी आडनाव विचारतो, मग भाडं सांगतो. म्हणून समाजाची स्वतःची, परवडणारी वसतिगृहं हवीतच. यावर वाद नाही.

वाद आहे तो चालवण्यावर. आपल्या कितीतरी ट्रस्टांत विश्वस्त तहहयात. कुणी वारला की मुलगा येतो, दुसरा गट हरकत घेतो आणि चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहतो. एका संस्थेत आम्ही पाहिलं, तळमजल्याचा हॉल लग्नाला भाड्याने जातो आणि वरच्या खोल्यांना कुलूप. बाहेर पुतळ्याला रंग मात्र ताजा.

‘पोरं शिकायला येतात, कारभार करायला नाही,’ असं काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्या कष्टांचा आदर आहे. पदरमोड करून त्यांनीच या इमारती उभ्या केल्या. पण अठरा पूर्ण झालेली मुलगी आमदार निवडू शकते, तर मेसचा ठेकेदार का नाही? कार्यकारिणीत राहणाऱ्यांच्या दोन जागा, मतासकट. दर महिन्याचा जमाखर्च मेसच्या भिंतीवर, मराठीत. मुलींच्या वसतिगृहाच्या समितीत बायकांचं बहुमत. आणि गृहपालाला धड पगार. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ‘मिशन’ म्हणून माणसाला फुकट राबवायची सवय फार जुनी आहे. अर्धपोटी गृहपाल रात्री अकराला ताप आलेल्या पोराला दवाखान्यात नेईलही, पण किती वर्षं? त्याची सुट्टी, त्याचा बदली माणूस, हे अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे.

येत्या 14 एप्रिलच्या आधी वसतिगृहाच्या नावाने वर्गणी मागायला कुणी आलं तर पावती फाडण्याआधी दोन गोष्टी मागा. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, आणि तिथे राहणाऱ्या दोघांशी विश्वस्त समोर नसताना अर्धा तास बोलायची मोकळीक.