गाणं गळ्याच्या मापाचं



धुळ्याच्या देवपुरातून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. पत्र छोटंसंच, पण त्यात प्रश्न दोन. पहिला प्रश्न त्याच्या दादाचा. दादा पुण्याला शिकतो आणि जपानी भाषेच्या वर्गालाही जातो. वर्गाच्या कार्यक्रमात त्याला कराओकेवर एक जपानी गाणं म्हणायचं आहे आणि आजवर त्यानं गणपतीच्या आरतीखेरीज काही म्हटलेलं नाही. ‘त्याला कोणतं सोपं गाणं सुचवू?’ असं मित्र विचारतो. दुसरा प्रश्न त्याचा स्वतःचा. ‘माझा आवाज फुटलाय. मुलं हसतात. यंदा गॅदरिंगला गाऊ की नको?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: गाणं गळ्याच्या मापाचं घ्यावं. सदरा मोठा झाला तर आपण बाह्या दुमडतो, हात ओढून लांब करत नाही ना? तसंच हे.

आधी कराओकेची गोष्ट ऐका. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं जपानी छोटं रूप. वाद्यं सगळी वाजताहेत, फक्त गाणाऱ्याची जागा रिकामी. ती आपण भरायची. जपानमध्ये १९६७ साली शिगेइची नेगिशी यांनी असं एक यंत्र बनवलं होतं. पुढं १९७१ मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी आपलं यंत्र तयार केलं. इनोउए हे गाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाद्याची साथ करत. एका कंपनीच्या मालकानं त्यांना सहलीला साथीसाठी बोलावलं, पण त्यांना जाणं जमेना. मग त्यांनी त्या गृहस्थांच्या गाण्याला जुळेल अशी साथ वाजवून टेपवर भरून दिली. मालक खूश झाले आणि इनोउए यांना यंत्राची कल्पना सुचली. त्यांनी त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही. बघा हं, कराओकेची सुरुवातच मुळी गाणाऱ्याला जुळेल अशी साथ करण्यातून झाली. मग आपण तरी उलटं का करावं?

आता जपानी भाषेचं. घाबरायचं कारण नाही. जपानी मुलांची मुळाक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि पुढं का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी जातात. आपल्या बाराखडीची आठवण झाली ना? होणारच! बौद्ध धर्माबरोबर संस्कृतची अक्षरविद्या जपानला पोचली आणि तिच्यावरूनच तिथल्या पंडितांनी हा क्रम लावला. त्यामुळं जपानी शब्द देवनागरीत लिहून काढले की आपल्याला सहज म्हणता येतात. दोन गोष्टी तेवढ्या जपायच्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचं नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, पण ‘ओबाआसान’ म्हणजे आजी! एक ‘आ’ वाढला आणि मावशीची आजी झाली. दुसरं म्हणजे शब्दाच्या शेवटच्या ‘न्’लाही स्वतंत्र मात्रा असते. ‘होन’ म्हणजे पुस्तक. गाताना ते ‘हो-न्’ असं दोन मात्रांचं होतं.

शब्द जमले, आता चाल. सोपी चाल कशी ओळखायची? हे शिकायला जपानला जायला नको, आपलं खानदेश पुरे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. जात्यावर दळताना आणि शेतात राबताना त्यांनी ओव्या म्हटल्या. जातं ओढताना अर्धा श्वास कामातच जातो. म्हणून जात्यावरच्या ओवीची चाल चार-पाच सुरांतच फिरते, ओळ एका दमात संपते आणि तीच चाल पुन्हा पुन्हा येते. आखाजीची झोक्यावरची गाणी आठवा. तिथंही असंच. म्हणून तर ती गायला कुणाला क्लास लावावा लागत नाही.

यातून तीन कसोट्या मिळाल्या. गाणं फार वर किंवा फार खाली जातं का? ओळ एका श्वासात बसते का? तीच चाल परत येते का? परक्या भाषेसाठी चौथी कसोटी जोडू: शब्द धावतात का?

या कसोट्यांवर चार जपानी गाणी घासून पाहू.

‘साकुरा साकुरा’ हे जपानचं जुनं, चेरीच्या फुलांचं गाणं. पाचच सूर, आणि त्यांची मांडणी आपल्या गुणकली रागाशी जुळणारी. शब्द थोडे, चाल संथ. अगदी पहिल्यांदा गाणाऱ्यानं यावर सराव करावा.

‘फुरुसातो’ म्हणजे आपलं गाव. जपानच्या शाळांसाठी १९१४ साली छापलेलं हे गाणं. घरापासून दूर राहणाऱ्याला गावाकडचा डोंगर, नदी आणि आई-वडील आठवतात, असा त्याचा भाव. तीन-तीन मात्रांची चाल, आपल्या दादऱ्यासारखी झुलणारी. तीन कडवी आणि तिन्हींची चाल एकच, म्हणजे एक बसलं की तिन्ही बसली.

‘आकातोम्बो’ म्हणजे लाल चतुर. कोसाकु यामादा यांनी १९२७ मध्ये चाल लावलेलं हे गाणं दिसायला सगळ्यांत सोपं. छोटी-छोटी कडवी आणि भूप रागाचे पाच सूर. पण फसू नका! पहिल्याच ओळीत ते खालच्या पंचमापासून निघून वरच्या षड्जापर्यंत चढतं. नवख्याचा गळा तिथं अडकतो. लहान दिसणारं गाणं सोपं असतंच असं नाही.

चौथं ‘उए ओ मुइते आरुको’. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं हे गाणं. क्यू साकामोतो यांनी ते १९६१ मध्ये गायलं, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे, म्हणजे दादाच्याच वयाचे. १९६३ च्या जूनमध्ये हे जपानी गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं त्याचं नाव ठेवलं होतं ‘सुकियाकी’. हा तर जपानी जेवणातला एक पदार्थ, गाण्याशी त्याचा काही संबंध नाही! चाल ठेक्यात चालणारी, शब्द न धावणारे आणि मध्ये शीळ घालायची जागा. तेवढ्यात गाणाऱ्याला दम घेता येतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘बाई, डोरेमॉनचं गाणं का नको?’ म्हणा की! पण जपानी मालिका १९७९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते गाणं एका गायिकेनं गायलं होतं. बायकांच्या पट्टीतलं गाणं पुरुषानं जसंच्या तसं उचललं तर ओरडावं तरी लागतं किंवा गुणगुणावं तरी. पेटीवर पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचला. म्हणून पट्टी बदलायची. कराओकेच्या यंत्रात त्यासाठी बटण असतं, मोबाईलवरच्या कराओकेतही बहुधा असतं. एकदा दाबलं की पट्टी अर्ध्या सुरानं खाली किंवा वर जाते. ते बटण दाबणं म्हणजे हार मानणं नव्हे. मोठमोठे गवईसुद्धा आपापली पट्टी ठरवूनच बैठकीला बसतात.

तेव्हा दादाला सांगा, सरावाला ‘साकुरा’ आणि कार्यक्रमाला ‘उए ओ मुइते’. फारच धडधडत असेल तर ‘फुरुसातो’.

आता आठवीतल्या मित्रा, तुझं. तुमच्या वयात मुलांच्या कंठातलं स्वरयंत्र मोठं होतं आणि स्वरतंतू लांब अन् जाड होतात. त्यामुळं आवाज हळूहळू साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच. नव्या मापाचं स्वरयंत्र अजून अंगवळणी पडलेलं नसतं, म्हणून बोलता बोलता आवाज चिरकतो. यात आजार नाही की लाज नाही. काही महिन्यांनी, कुणाला वर्ष-दोन वर्षांनी, आवाज स्थिरावतो. तोवर गाणं सोडायचं नाही, फक्त माप बदलायचं. मागच्या वर्षीच्या पट्टीचा हट्ट नको आणि घसा ताणून ओरडणं तर नकोच नको. पाच-सहा सुरांतलं गाणं खालच्या पट्टीत घे. एकट्यानं भीती वाटत असेल तर समूहगीतात उभा राहा.

पालकांनाही दोन शब्द. या वयात गाणं सोडणारी मुलं बहुधा आवाज गेला म्हणून सोडत नाहीत, घरात किंवा वर्गात कुणी हसलं म्हणून सोडतात. पाहुण्यांसमोर ‘आमच्या बंड्याचा आता बेडूक झालाय’ असं म्हणू नका. तुमची ती गंमत असते, पण त्याचं तोंड पुढं कायमचं मिटू शकतं.

आणि हा घरचा अभ्यास. शाळेतली पेटी घ्या, बाई-सरांना विचारून बरं का! मधल्या ‘सा’पासून ‘आ’कार लावत एकेक सूर खाली उतरा. नुसती हवा यायला लागली की थांबा. मग तसंच वर चढा. मानेच्या शिरा ताणल्या की थांबा. दोन्ही टोकांचा एकेक सूर सोडून द्या. मधे उरले ते तुमचे सूर. वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. गॅदरिंगचं गाणं त्या यादीत बसतंय का ते पाहा आणि मगच सरांकडे नाव द्या. पण नाव द्या हं!

तुमच्या,
बाई