मनाचा अभ्यास सर्वांसाठी

कुणी विचित्र वागला की मुंबईकर त्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. कोकणात त्या थट्टेत रत्नागिरीचे नाव येते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक १८८६पासून येथे आहे. मन म्हणजे आजार आणि मानसशास्त्र म्हणजे कला शाखेतल्या मोजक्या मुलांचा विषय, ही समजूत अशा थट्टेतूनच पक्की होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्याशाखेबाहेरचाही विषय शिकावा लागतो. ही समजूत मोडण्याची संधी त्यात आहे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे शास्त्र कशाला? डॅनियल कानेमान हे मानसशास्त्रज्ञ; त्यांना २००२चे नोबेल अर्थशास्त्राचे मिळाले. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचे दुःख मोठे असते, हे त्यांनी व अमोस ट्वर्स्की यांनी दाखवले. विधीच्या विद्यार्थ्याने एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४चा प्रयोग अभ्यासावा. अपघाताची फीत पाहिलेल्यांना वेग विचारताना क्रियापद जितके जोरकस, तितका सांगितलेला वेग अधिक. साक्षीदाराची स्मृती प्रश्नानेही बदलते. अभियांत्रिकीसाठी दुसऱ्या महायुद्धातील उदाहरण आहे. विमान उतरवल्यावर वैमानिक चुकून चाकेच वर घेत. अल्फोन्स चापानिस यांनी शोधले, तर शेजारशेजारच्या दोन कळा सारख्याच होत्या! कळांचे आकार वेगळे करणे हा उपाय होता.

परंतु याच विषयाच्या व्याख्या गाइडमधून पाठ करून घेतल्या, तर हाती पडतील फक्त श्रेयांक. म्हणून प्रत्येक शाखेला तिच्याच कामातील प्रश्न घेऊन शिकवावे, वर्गात छोटे प्रयोग करावेत. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या त्या शाखेच्या शिक्षकांसोबत बसून अभ्यासक्रम आखावा.

एक खबरदारीही हवी. सहा महिन्यांच्या तासांनी कोणी समुपदेशक होत नाही. मित्राला आजाराचे नाव चिकटवण्याचा परवाना तर मुळीच मिळत नाही. मात्र मनाचे बरेचसे आजार पंचविशीच्या आत सुरू होतात. मित्र गप्प झाला, जेवण-झोप बिघडली, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला, तर त्याचे ऐकून घेणे आणि त्याला डॉक्टरांपर्यंत किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकापर्यंत पोहोचवणे प्रत्येकाला जमायला हवे. एवढे शिकलेली पिढी मनोरुग्णालयाचे नाव थट्टेत घेणार नाही. गरज पडली तर तेथे निःसंकोच जाईल.