झाडाला परवानगी, माणसाला काय?

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या वाड्यावाड्यांत एक घरघर सुरू होते. पाऊस तोंडावर आलेला असतो. घरावर वाकलेली फणसाची फांदी, विजेच्या तारेला टेकलेला माड, वाऱ्यात कधी कोसळेल याचा भरवसा नसलेला जुना आंबा, ही सगळी कामे याच दोन-तीन आठवड्यांत उरकायची असतात. पूर्वी दोन माणसांची करवत आणि कुऱ्हाड घेऊन दिवसभर चालणारे काम आता पेट्रोलवरचे मशीन तासाभरात करते. इंग्रजीत त्याला चेनसॉ म्हणतात. आमच्याकडे कोणी ‘कटर’ म्हणते, कोणी नुसतेच ‘मशीन’. याच दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एका ठरावीक प्रकारची जखम येऊ लागते. बहुधा डाव्या पायाला, मांडीपासून नडगीपर्यंत कुठेही, खोल आणि कडा फाटलेली.

असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. वय सव्वीस, मूळचा पाडेली, चार वर्षे मशीन चालवणारा. अंगात अर्धी पँट, पायात रबरी चप्पल. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, जखम होती. रक्तस्राव थांबला, जीव वाचला, जखमही भरली. पण त्या जागी हाडाला अगदी लागून एक मज्जातंतू जातो, तो तुटला होता. आज त्याला पाऊल वर उचलता येत नाही. चालताना बोटे जमिनीला घासतात, चप्पल निसटते. माडावर चढणे तर संपलेच. ‘डॉक्टर, मला सवय होती हो,’ हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. या लेखाचा विषय ती सवयच आहे.

कोयत्याची जखम आणि या मशीनची जखम यांत मोठा फरक आहे. कोयता मांस चिरतो. दोन कडा एकमेकींना जुळवता येतात, तुटलेला स्नायुबंध किंवा मज्जातंतू टोकाला टोक लावून शिवता येतो. मशीनची साखळी मात्र लाकडाचा जसा भुसा करते तसाच मांसाचाही करते. ती जिथून जाते तिथला काही मिलिमीटर रुंदीचा पट्टा उरतच नाही. त्यामुळे शिवायला दोन टोके असतात, पण मधला भाग गायब असतो. त्यात भुसा, साखळीचे तेल, कपड्याचे धागे आणि माती आत खोलवर गेलेली असते. म्हणून अशी जखम वरून टाके घालून मिटवता येत नाही. ती शस्त्रक्रियागृहात नीट धुवावी लागते, कधी दोन-तीनदा.

साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे. हात मागे घ्यायचा विचार मनात येईपर्यंत इजा होऊन गेलेली असते. हुशारी, अनुभव, चपळाई यांचा इथे उपयोग नाही. उपयोग होतो तो आधीच अंगावर चढवलेल्या पोशाखाचा आणि आधीच लावून घेतलेल्या शिस्तीचा. अमेरिकेत या यंत्रामुळे दरवर्षी सुमारे ३६,००० माणसे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येतात, असे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, नोंदवले आहे. आपल्याकडे ही जखम बहुतेक वेळा ‘कामावर लागले’ एवढ्याच नोंदीखाली जाते.

डावाच पाय का? मशीन उजव्या हाताने मागची मूठ आणि डाव्या हाताने पुढची मूठ धरूनच चालवायचे असते, डावखुऱ्यांनीही. कापून झाल्यावर जोर सुटतो, मशीन खाली येते आणि पुढे असलेल्या डाव्या पायावर उतरते. म्हणून तोल सांभाळून, दोन्ही पाय रोवून, शरीर साखळीच्या रेषेच्या डावीकडे ठेवून उभे राहायचे. एका हाताने मशीन चालवणे, शिडीवर उभे राहून कापणे आणि खांद्याच्या वर मशीन उचलणे, या तीन गोष्टी कुठल्याही घाईत करायच्या नाहीत. एका हाताने मशीन हवेत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढून सुरू करण्याची पद्धत तर सर्रास दिसते. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय दाबून, चेन ब्रेक लावूनच सुरू करावे.

मान, चेहरा आणि खांदा यांच्या जखमा पायापेक्षा कमी, पण अधिक घातक असतात. त्यांचे कारण म्हणजे मशीनची उसळी. साखळी ज्या लांब पट्टीवरून फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की अख्खे मशीन झटक्यात वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकले जाते. पापणी लवायच्या आत हे घडते. पुढच्या मुठीसमोरची आडवी ढाल हे चेन ब्रेकचे साधन आहे. उसळीत ती पुढे ढकलली गेली की साखळी क्षणार्धात थांबते. काही जण ती ‘आड येते’ म्हणून काढून टाकतात किंवा तुटल्यावर बसवत नाहीत. ती नसलेले मशीन बंद पडलेले समजावे. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळसा घालून असेल तरच ती उसळी काही प्रमाणात आवरता येते. बारच्या टोकाने कधीही कापू नये.

झाड पाडण्याचेही शास्त्र आहे. आधी वर बघायचे: वाळलेल्या फांद्या, तारा, खोडाचा कल, पोकळ भाग. तार जवळ असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरू करायचे नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नको. बघे नकोत, सरपण गोळा करणाऱ्या बायका नकोत, मुले तर नकोतच. झाड ज्या बाजूला पडणार त्याच्या विरुद्ध, तिरप्या दिशेने पळवाट आधीच मोकळी करून ठेवायची. मग पडण्याच्या बाजूला खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी खाच घ्यायची आणि मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, दुसरा काप द्यायचा. मध्ये जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे लाकूड न कापता सोडायचे. ते दाराच्या बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला दिशा देते. तेच कापून टाकले तर झाड कुठे जाईल ते कोणाच्या हातात उरत नाही. अर्धवट पडून दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली तर पाऊलही टाकू नये.

वादळानंतरचे काम याहून अवघड. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वेळा झाडे आडवी होऊन रस्ते बंद झाले आणि ज्याच्याकडे मशीन होते तो मदतीला धावला. त्या भावनेला नमस्कार. पण आडवे पडलेले झाड निवांत पडलेले नसते. वाकून दबलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली आणि दुसरी दाबलेली असते. ताणलेल्या बाजूने आधी कापले की ती धनुष्यासारखी सुटते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की वजन हलके झालेला बुंधा मातीच्या ढेकळासह पुन्हा उभा राहू शकतो, आणि त्या खड्ड्यात किंवा बुंध्यामागे उभा असलेला माणूस गाडला जाऊ शकतो. असे झाड शिकलेल्या माणसाशिवाय कोणी हाताळू नये.

पोशाखाचे म्हणाल तर या कामासाठी खास पँट मिळते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. त्यांची प्रतवारी वेगावर असते. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी तपासलेली. ती अभेद्य नाही, पण पाय जाणे आणि खरचटणे यांतला फरक अनेकदा तीच असते. ‘कोकणच्या उकाड्यात ती घालून काम कसे करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पायाच्या पुढच्या बाजूला बांधायचे चॅप्स तुलनेने हवेशीर असतात. काम सकाळी लवकर सुरू करावे, दर अर्ध्या-पाऊण तासाने सावलीत थांबून पाणी प्यावे. थकलेल्या हातात मशीन नको, आणि दारू प्यायलेल्या हातात तर मुळीच नको. सोबत जाळीचे हेल्मेट, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, हातमोजे आणि कानांवर बंद टोप्या हव्यात.

कानांचा मुद्दा हसण्यावारी नेला जातो. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की ती वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. तसेच हादऱ्यांनी बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. थंड देशांत बोटे पांढरी पडतात. आपल्या हवेत बऱ्याचदा नुसत्या मुंग्या येतात, बटण लावता येत नाही. हे लक्षण दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

आणि जखम झालीच तर? आधी मशीन बंद. स्वच्छ कापडाची घडी थेट जखमेवर ठेवून, अंगाचा सगळा भार देऊन दाबा आणि उघडून बघत बसू नका. हळद, चहापूड, कॉफी, चुना काहीही भरू नका. हातापायातून धार थांबतच नसेल तर जखमेच्या वर, सांधा टाळून, चार बोटे रुंद पट्टा रक्त थांबेपर्यंत करकचून आवळा. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सैल करू नका. सुतळी किंवा नायलॉनची दोरी चालत नाही, ती कातडीत रुतते. बोट तुटून पडले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात नको. १०८ ला फोन करा. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात झाड तोडण्यासाठी कायदे आहेत. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा, १९७५ चा नागरी भागातल्या झाडांचा. ते हवेतच. पण परवानगीच्या कागदावर झाडाची जात, घेर आणि जागा असते; ते पाडणाऱ्या माणसाबद्दल कोणी काही विचारत नाही. ब्रिटनमध्ये कामावर चेनसॉने झाड पाडणाऱ्याकडे सहसा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे लागते. आमच्या त्या पाडेल्याने मशीन दुकानातून घेतले तेव्हा त्याला मिळाले ते इंग्रजी माहितीपुस्तक आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे एवढा सल्ला.

ग्रामपंचायती, नगरपालिका, वखारवाले, ठेकेदार, सगळेच आता मशीन घेतात किंवा मशीनवाल्याला काम देतात. त्यांनी एक गोष्ट करावी. मशीन किंवा तोडणीचे काम ज्या ठरावाने आणि ज्या निविदेने दिले जाते, त्याच कागदावर हेल्मेट, पँट, बूट, कानांच्या टोप्या आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण लिहावे, आणि त्याचे पैसे त्यातच धरावेत. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याने हे स्वतःच्या खिशातून घ्यावे, ही अपेक्षा म्हणजे ते कधीच न घेण्याची व्यवस्था आहे. घरमालकांनीही भाव करताना ‘पोशाख आहे का?’ असे विचारावे आणि नसेल तर काम थांबवावे.

त्या पाडेल्याचे मशीन आता त्याचा धाकटा भाऊ चालवतो. भावाला तपासणीला घेऊन आला होता तेव्हा त्याच्या पायात चप्पलच होती. पावसाला अजून थोडे दिवस आहेत. या महिन्यातल्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा, म्हणून हे लिहिले.