आईचा बटनाचा फोन कोणासाठी बदलायचा?

गावी गेलो की एक विषय हमखास निघतो: आईचा फोन. सोनपेठ तालुक्यातलं आमचं गाव. आईकडे बटनाचा फोन, मागचं झाकण पडू नये म्हणून त्याला रबर लावलेलं. बटनांवरचे आकडे पुसलेत, पण टॉर्च लख्ख लागते आणि चार्जिंग तीन-चार दिवस पुरतं. या दिवाळीत बहिणीने आणि मी ठरवूनच टाकलं होतं, हिला स्मार्टफोन घ्यायचा. आई म्हणाली, "मला काय करायचाय? तुमचा आवाज येतो की मला." आम्ही हसलो. मग मी वहीत हिशोब मांडला आणि हसू थांबलं.

तिचा रिचार्ज १९९ रुपयांचा, २८ दिवसांचा. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज मात्र तेरा. म्हणजे २,५८७ रुपये. त्यात थोडा डेटाही मिळतो, जो तिच्या फोनला लागतच नाही. शेजारच्या काकूंना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि रिचार्ज त्या हाच मारतात. वर्षाच्या पेन्शनचा सातवा हिस्सा केवळ फोन चालू राहावा म्हणून जातो.

तुम्ही म्हणाल, अमर्याद बोलता येतं ना. येतं. पण आईला अमर्याद बोलायचंच नाहीये. तिला फोन यायला हवाय. माझा, बहिणीचा, आणि बँकेचा ओटीपी. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंग विकलं गेलं होतं, हे तुमच्या वडिलांना आठवत असेल. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली, सुरुवात २८ दिवसांना ३५ रुपयांपासून. लाइफटाइम कोणाचा संपला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. ज्यांचा संपला ते ट्विटरवर नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्या, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. चांगला निर्णय. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९. जिओचा ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. कागदावर आईचे ७३८ रुपये वाचले. पण १,८४९ रुपये एका दमात काढायचे कुठून? रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपये रोज धरला तरी ही सहा दिवसांची मजुरी आहे. ज्याच्याकडे एकदम पैसे आहेत त्याला स्वस्त, ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग. किराणा दुकानातून पाव किलो तेल आणणाऱ्याला हे गणित नवीन नाही.

आता स्मार्टफोनची बाजू. रोज दीड जीबीचा पॅक २८ दिवसांना ३०० च्या आसपास धरा, वर्षाचे ३,९०० होतात. फोनचे सात-आठ हजार वेगळे. २०२३ साली निघालेला ९९९ रुपयांचा जिओभारत, १२३ रुपयांच्या पॅकसह, स्वस्त आहे, हे मान्य. पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. उद्या पॅक महागला तर फोनही टाकून द्यायचा.

पण आईवर खरा दबाव कंपनीचा नाहीच, सातबाऱ्याचा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून ॲपवर पीक नोंदवायचं, फोटो काढायचा. हमीभाव, विमा, नुकसानभरपाई, सगळीकडे ही नोंद विचारली जाते. आधी तलाठी घरी बसून पीक लिहायचे, ही तक्रार खोटी नव्हती. स्वतःची नोंद स्वतः करणं हा शेतकऱ्याचा अधिकारच आहे. पण शेत आईच्या नावावर आणि स्मार्टफोन पुण्यात माझ्या खिशात, तेव्हा तो अधिकार माझा होतो, तिचा नाही. सोयाबीन तिने पेरलं, खुरपलं. ते आहे हे सिद्ध करायला मात्र गल्लीतल्या पोराची मनधरणी करायची.

राहिलेल्या नोंदी सहायकांनी करायच्या, अशी सोय आहे. मग ती उरल्यासुरल्यांसाठी का? बटनाचा फोन असलेल्या शेतकऱ्याने एक कॉल करावा आणि सहायकाने बांधावर यावं, हा हक्क हवा. अशक्य काही नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी यूपीआय १२३पे आणलंच ना? पैशांसाठी बटनं चालतात, तर कापसासाठी का नाही?

"काळाबरोबर चालायला नको का?" असं बहीण म्हणाली. चालायला हवं. ज्या आईला स्वतःहून हवाय, तिने बिनधास्त घ्यावा, यूट्यूबवर कीर्तन ऐकावं, नातवंडांना बघावं. माझं भांडण फोनशी नाही. तो न घेणाऱ्याला अडाणी ठरवण्याशी आहे, आणि आपल्या सोयीला तिची गरज म्हणण्याशी आहे. खरं सांगतो, स्मार्टफोन मलाच हवा होता. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसला की परभणीची गाडी पकडायची टोचणी कमी झाली असती. मी भेटीच्या बदल्यात हप्त्यावरचा फोन देत होतो.

शेवटी काय केलं? वर्षाचा कॉलचा पॅक मारला, एकदम, माझ्या पगारातून. बॅटरी बदलली. पुढच्या हंगामात पीक पाहणीला मी दोन दिवस सुट्टी काढून येणार आणि काकूंचीही नोंद करणार. हा उपाय नाही, हे मला कळतं. ज्यांची पोरं पुण्यात नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो तहसीलमध्ये विचारायचा आहे.

तुम्ही हे मोबाईलवर वाचताय. आज रात्री घरी फोन लावा आणि एवढंच विचारा, रिचार्ज कधी संपतोय? "नवा फोन घे" हे त्यानंतर, तिने मागितला तर.