सही करण्याआधी

मी बँकेत लागलो तेव्हा खातेवह्या हाताने लिहिल्या जात. नियम साधा : नोंद एकाने करायची, तपासायची दुसऱ्याने, सही दोघांची.

२०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांनी वर्गातला अभ्यास म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. कल्पना सुंदर होती. पण अनेकांनी इकडचेतिकडचे उतारे जसेच्या तसे उतरवले. ही उसनवारी पुसता पुसता तिथले स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि त्याच वर्षअखेरीस प्रयोग आवरता घ्यावा लागला.

दोष पोरांना देऊन आपण मोकळे होतो. पण गाईडमधले उत्तर शब्दशः लिहिले की पूर्ण गुण, ही रीत कोणाची? आपलीच ना! वहीतली नक्कल झाकून जाते. विकिपीडियावर मात्र कोणता बदल कोणत्या खात्यावरून केव्हा झाला, याची नोंद राहते.

आज मुले गूगल डॉक्सवर गटाने प्रकल्प लिहितात. तिथेही कोणी काय लिहिले ते पाहता येते. पाहणारा शिक्षक तेवढा हवा. न वाचता केलेल्या सहीने बँक बुडते, वर्गही बुडतो. फक्त तो बुडाल्याचे लवकर कळत नाही.