रुमालाखालची बोटे आणि दिल्लीचा हुकूम

ज्या दोन देशांची भाषा एक आणि धर्म एक, त्यांच्यातील व्यापार अधिक वाढतो, असा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. १९६२ मध्ये यान टिनबर्गेन यांनी देशांचे आर्थिक आकारमान आणि त्यांच्यातील अंतर यांवरून व्यापाराचे गणित मांडले. पुढच्या पंडितांनी त्यात भाषा व धर्म यांची भर घातली. कागदावर हे गणित सुटते. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये मात्र ते अडखळते.

कोकणच्या हापूसचे आखाती देश हे जुने व मोठे गिऱ्हाईक. तेथील राजभाषा अरबी, राजधर्म इस्लाम. मग आंब्याची पेटी कोणत्या नात्याने दुबईला पोहोचते? तेथे घेणाऱ्यांत सिंधी, गुजराती, मल्याळी व्यापारी आहेत आणि खाणाऱ्यांत लाखो भारतीय. नाते राजमुद्रांचे नसून माणसांचे आहे, एवढ्यापुरता सिद्धान्त मान्य करावा. वाशीच्या फळबाजारात तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आला. तेथे भाषेचीही गरज नाही. (या पद्धतीत बागायतदार अंधारात राहतो, हा आक्षेप खोटा नव्हे.)

आता कांदा पाहा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस केंद्राने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांच्या सभेत चक्क हिंदीतून म्हणाल्या की, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगितले आहे. निदान आधी कळवायला हवे होते. तक्रार आपल्याच भाषेत आली, दिल्लीला ती शब्दशः कळली, आणि तरीही बंदी उठली नाही! ढाक्याने मग म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन आणि पाकिस्तान येथून कांदा आणला. यात धर्मबंधुत्व शोधणाऱ्यांनी १९७१ आठवावे. एकाच धर्माचे दोन प्रदेश तेव्हा भाषेवरून आणि अन्यायावरून फुटले होते. आणि म्यानमार व चीन कोणाचे धर्मबंधू?

गिऱ्हाईक तुटते ते शब्द मोडल्याने. २०१९ ची बंदी उठली, तोच सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली, डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एकदा. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा यासाठी प्रत्येक वेळी नाशिकच्या शेतकऱ्याचाच बळी का? मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्काचे ओझे लादून. ते पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. चाळीतला कांदा इतके दिवस थांबत नाही.